सांदवाडीचे कुंपण वारंवार पेटत असल्याबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या आतबाहेर, धंदा अर्ज लिहिणे, राहणार वैनगंगेच्या काठचे एक गाव, जिल्हा भंडारा.
जिच्यावर अन्याय झाला ती : माझ्या घरामागची म्हातारी. विधवा, धंदा तळ्यातली मासोळी सुकवून बाजारात विकणे.
ज्यांच्याविरुद्ध तक्रार : पहिला, म्हातारीच्या पलीकडचा शेतकरी, धानाची शेती, ग्रामपंचायतीचा माजी सदस्य. दुसरी, समस्त गल्ली.
तारखा : लागोपाठ तीन उन्हाळे, दर वेळी नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तापलेला असताना, भर दुपारी.
साक्षीदार : सर्वजण. साक्ष देण्यास तयार : कोणी नाही.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. आमच्याकडे एकदा नाव कागदावर चढले की ते जन्मभर उतरत नाही, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे. तालुक्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझे टेबल असते. शिक्षण नववीपर्यंत झाले, पुढचे परिस्थितीने होऊ दिले नाही. परंतु पंधरावी शिकलेले लोकही मजकूर घेऊन माझ्याकडेच येतात, आणि माझ्या हातचा अर्ज साहेबाने परत केल्याचे सहसा घडलेले नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. ज्या माणसाला कारण आणि परिणाम यांची मांडणी रोज करावी लागते, त्याच माणसाच्या घरामागे तीन वर्षे एक कुंपण पेटत राहावे आणि त्याचे कारण गावाच्या गळी उतरवणे त्याला जमू नये, याचा संताप वाचणाऱ्याला समजावा एवढ्यासाठी सांगतो.

प्रथम जागेचे वर्णन. आमच्या गल्लीत प्रत्येक घरामागे सांदवाडी आहे, म्हणजे भाजीपाल्यापुरती परसबाग. माझ्या सांदवाडीला लागून म्हातारीची, आणि तिच्या पलीकडे शेतकऱ्याची. पेटते ते कुंपण म्हातारी आणि शेतकरी या दोघांच्या मधले. माझ्या मागच्या दारातून ते पूर्ण दिसते. बोरीबाभळीचे काटे, बांबूच्या कमच्या, आणि कोंबड्या शिरू नयेत म्हणून मध्ये कोंबलेली धानाची तणस, म्हणजे वाळका पेंढा, असे ते बनवलेले आहे. पावसाळ्यात त्यावर वालाचे आणि दोडक्याचे वेल चढतात आणि उन्हाळ्यात तिथेच वाळून कडकडीत होतात. ते वेल कोणी काढत नाही. दिवाळीनंतर काढा असे मी दरसाल सांगतो. ज्याला आग हवी असेल त्याने याहून चांगली तयारी काय करावी, हे मला सुचत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात हे कुंपण पेटले तेव्हा मी जेवत होतो. ओरडा ऐकून धावलो. शेतकरी धुणे धुवायच्या बादलीने पाणी मारत होता, म्हातारी ओल्या पोत्याने झोडपत होती, आणि बाकीचे लोक दुरून सूचना करत होते. अर्धे कुंपण जळाले. धूर बसण्याच्या आत शेतकऱ्याने निकाल दिला.

"राख टाकते ना थे बुढी कुंपनाच्या बुडाशी! विस्तव राहत असन त्यात."

म्हातारी राख टाकत होती हे खरे आहे. आमच्याकडे सगळ्याच बाया चुलीची राख वेलांच्या बुडाशी टाकतात, त्याने कीड लागत नाही. शेतकऱ्याची बायकोसुद्धा टाकते. हे मी तिथेच निदर्शनास आणून दिले. त्यावर शेतकरी म्हणाला, "आमची राख थंडी राहते." राखेराखेत असा फरक असल्याचे मी त्या दिवशी प्रथमच ऐकले.

तरीही मी कोणाची बाजू न घेता सर्व संभाव्य कारणे क्रमाने तपासायचे ठरवले. मोहफुले वेचणारे लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्याची ठिणगी वाऱ्याने उडते. परंतु नवतप्यापर्यंत मोहाचा हंगाम केव्हाच संपलेला असतो, म्हणून ते कारण बाद. विजेच्या तारेबद्दल मी रीतसर अर्ज केला. लाइनमन आला, वर पाहून, "तार तं रस्त्यानं गेली बावा, कुंपनावरून कुठी हाय?" एवढे बोलून चहा पिऊन गेला. ते कारणही बाद. मग बिडी. कुंपणाशी बसून बिडी ओढणारा माणूस एकच, तो म्हणजे म्हातारीवर आरोप करणारा शेतकरीच. मी त्याला अत्यंत सभ्य शब्दांत विचारले. त्याने माझ्याशी पोळ्यापर्यंत बोलणे टाकले, आणि गल्लीने ते कारणही बाद धरले.

उरली राख. म्हातारी आगीच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात टोपले घेऊन उभी राहिली.

"बाबू, पाय इकडं. आता राखेत पाणी टाकतो मी. चिखल करतो पुरा. मंग टाकतो." टोपल्यात खरोखरच राखेचा चिखल होता.

"मला कशाला दाखवता, माय? त्याला दाखवा."

"त्याले दाखवला. थो म्हणते, पाणी आता टाकते, तवा नाई टाकला." आणि ती हसली. म्हातारी हसायची फार. समोरचे दोन दात नसल्यामुळे तिचे हसणे मोठे दिसायचे. लोकांना पुढे तेही खटकायला लागले.

वर्षभर तिने राखेचा चिखल करूनच टाकला. गल्लीतल्या सर्व बायांनी तो पाहिला. दुसऱ्या वर्षी नवतपा लागला आणि कुंपण पुन्हा पेटले.

आता विचार करणाऱ्या माणसाने यातून काय निष्कर्ष काढावा? राखेने आग लागत नव्हती, म्हातारी निर्दोष आहे, हाच. परंतु आमच्या गल्लीने उलटा हिशेब मांडला. राख नाही, तार नाही, बिडी नाही, मोह नाही, मग आग लागते कशाने? आपोआप लागते. आपोआप लागते म्हणजे भानामती. आणि भानामती करणार कोण? जिच्या कुंपणाला लागते ती. मी एकेक कारण मोठ्या कष्टाने खोडत गेलो आणि शेवटी जे उरले ते तिच्याच गळ्यात पडले. निष्काळजीपणाच्या आरोपातून मी तिला सोडवले आणि त्याहून भयंकर आरोपात नेऊन उभे केले. माझी सर्व मेहनत विरुद्ध पक्षाच्या कामी आली.

पहिला परिणाम हातपंपावर दिसला. म्हातारी आली की बाया आपापले पाण्याचे गुंड उचलून बाजूला होत. मग तिची मासोळी गल्लीतल्या कोणी घेईना. मग बातमी आली की शेतकरी नदीपलीकडून एक जाणकार आणणार आहे. जाणकार म्हणजे भूतबाधा उतरवणारा. तो येत्या अमावस्येला कुंपणाजवळ बसणार आणि करणी कोणाची ते सांगणार. तो कोणाचे नाव घेणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होते. नाव घेतल्यावर काय होते तेही सर्वांना माहीत होते. असल्या बाईला गावात राहू देत नाहीत. आणि कधी कधी नुसते घालवून लोकांचे समाधान होत नाही.

माझी बायको म्हणाली, "तुम्ही बुढीसाठी मरून राहिले, अन् लोक आता आपल्या घराकडं पाहून राहिले."

मी म्हटले, "बघू देत. मी पुरावा आणतो."

"आणा. जेवाले येता का आधी, का आता अर्जच जेवता?"

पुरावा आणायचा म्हणजे आग लावणारा हात पकडायचा, असे मी ठरवले. कुंपण दुपारीच पेटते. म्हणून टेबलाचे काम सोडून मी दुपारी माझ्या मागच्या दारात छत्री उघडून बसू लागलो. अर्धवट जळालेले कुंपण शेतकऱ्याने तोपर्यंत पुन्हा तणस कोंबून उभे केले होते. वारा असा की डोळ्यांतले पाणी वाळावे. मी मात्र नजर हलवली नाही. असेच एके दिवशी, ऊन किंचित कलल्यावर, कुंपणातून धुराची बारीक दोरी वर निघताना मी पाहिली. म्हातारी त्या वेळी बाजाराला गेलेली होती. शेतकऱ्याचे घर झोपलेले होते. कुंपणाजवळ माणूस नव्हता, कुत्रे नव्हते, कोंबडीसुद्धा नव्हती. मी ओरडत धावलो आणि ओल्या पोत्याने आग दाबली.

संध्याकाळी पोलीस पाटलाच्या अंगणात लोक जमले. मी छाती पुढे काढून साक्ष दिली, की घटनेच्या वेळी म्हातारी गावात हजरच नव्हती आणि कुंपणाजवळ कोणीही इसम नव्हता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या मते खटला तिथेच संपला होता.

शेतकरी उभा राहिला. "ऐका! आता तं अर्जवाले भाऊच म्हणून राहिले. कोणी नवता अन् पेटला! आजून काय पाह्यजे?"

लोकांनी माना हलवल्या. एरवी माझा शब्द न ऐकणारी गल्ली त्या दिवशी माझ्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवून उठली. सत्य बोलल्याचा इतका पश्चात्ताप माणसाला होऊ नये.

त्या रात्री म्हातारीने मला हाक मारून सांगितले, "बाबू, आता तू काई बोलू नोको. तू जेवढा मले सोडवतेस, तेवढी मी गुतून राहिली." या वेळी ती हसली नाही.

खरे कारण मला दुसऱ्या दिवशी माझ्याच ओसरीच्या पायरीवर सापडले. आमच्या गल्लीत कुत्री येऊन घाण करतात म्हणून लोक काचेच्या बाटलीत निळीचे पाणी भरून दारात ठेवतात. निळे पाणी पाहिले की कुत्रे थांबत नाही असे म्हणतात. खरे-खोटे कुत्र्यांना ठाऊक. आमच्या पायरीवरही बायकोने अशी एक बाटली ठेवली होती. सरबताची, गोल पोटाची. नीळ उन्हाने विटून पाणी जवळजवळ पांढरे झाले होते. मी डोके धरून बसलो असता त्या बाटलीच्या बाजूला फरशीवर एक पांढरा ठिपका दिसला, इतका लख्ख की बघवेना. आणि मला आठवले की आदल्या दिवशी धूर निघण्याच्या आधी कुंपणाच्या तणशीच्या फटीतूनही तसाच ठिपका दिसला होता. मी तो पाखराची शीट समजलो होतो. मी फरशीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि तोंडातून शिवी गेली. बोटाला चटकन फोड आला.

धावत कुंपणाशी गेलो. शेतकऱ्याच्या बाजूने काट्याला सुतळी बांधलेली होती आणि सुतळीखाली तडकलेल्या काचा पडल्या होत्या. म्हातारीच्या मासोळीच्या वासाने कुत्री कुंपणातून शिरतात म्हणून त्याने निळीची बाटली कुंपणालाच टांगली होती, अगदी तणशीला चिकटून. आग लागली की बाटली फुटे, काचा राखेत जात, आणि तो मुकाट्याने नवी टांगे. काचा पाहून लोक म्हणत, रात्री कोणी पिऊन बाटली फेकली असेल.

मी पोलीस पाटलाला उठवले, लोकांना पुन्हा जमवले आणि भर उन्हात प्रयोग करून दाखवला. आमच्या पायरीवरची बाटली आणि मूठभर तणस. एका हातात बाटली धरायची, दुसऱ्या हाताने छत्री सांभाळून स्वतःला ऊन लागू द्यायचे नाही, आणि बाटलीवर मात्र ऊन पडू द्यायचे, हे वाटते तितके सोपे नाही. बाटली हले, ठिपका सरके. लोक कंटाळले.

"भाऊ, माचिस देऊ का?" कोणीतरी विचारले आणि हशा पिकला.

"जरा धीर धरा!"

"धीर धरला तं संध्याकाळ होईन. मंग सूर्य कुठून आणसान?"

शेवटी तणशीतून धूर निघाला. स्पष्ट, सर्वांसमक्ष. पाठोपाठ एक लाल कणही दिसला. मी विजयाने सभोवार पाहिले. मग मागून एका बाईचा आवाज आला.

"अगं बाई! म्हणजे थे बाटलीत बसून राहते!"

आणि गल्लीला ते पटले. भानामती आजवर कुठे राहत होती हे कळत नव्हते, ते आता कळले. त्याबद्दल माझे आभारही मानण्यात आले. मी बोटावरचा फोड दाखवला, तो सर्वांनी जवळून पाहिला आणि त्याला लिंबू लावायला सांगितले. उन्हाची किरणे एकत्र येतात वगैरे मी समजावू लागलो तेव्हा शेतकऱ्याने शेवटचा मुद्दा मांडला.

"मान्य करू तुमचा. बाटलीनं लागली. पन बाटली कायले लावली? कुत्र्यासाठी. कुत्रा कायले येते? मासोळीसाठी. मासोळी कोणाची? मंग आग कोणाची झाली?"

एवढी वर्षे मी विरुद्ध पक्षांचे युक्तिवाद लिहिले आणि खोडले. पण असा चारही बाजूंनी बंद युक्तिवाद माझ्या पाहण्यात नाही.

पोलीस पाटलाने फर्मावले की सर्व बाटल्या उतरवा. आता बाटल्यांना हात लावायला कोणी धजेना. त्या अर्धा दिवस तशाच राहिल्या. अखेर म्हातारीच उठली आणि एकेका दारातून बाटली उचलून पाणी ओतत पुढे गेली. गल्ली दारांच्या फटीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या कानावर आले : "पाह्यला का? तिलेच भेव नाई लागला. कसा लागन? तिचंच होय ना थे."

एक गोष्ट मात्र मी करू शकलो. असल्या जाणकारांना बंदी करणारा कायदा आहे, हे मी पोलीस पाटलाला कलमासकट, थोडे मोठ्या आवाजात सांगितले. कलमाचा आकडा बरोबर होता की नाही याची खात्री मला तेव्हा नव्हती, परंतु आवाज बरोबर होता. पाटील घाबरला आणि जाणकाराला त्याने नदीपलीकडूनच परत लावले. अमावस्या शांत गेली. पण हातपंपावर बाया बाजूला होतच राहिल्या, मासोळी कोणी घेईना, आणि एका सकाळी म्हातारीने दाराला कुलूप लावून किल्ली माझ्या बायकोजवळ दिली. तिचा मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरला हायवेवरच्या ढाब्यात काम करतो, त्याच्याकडे ती निघून गेली. जाताना कुंपणाकडे पाहून म्हणाली, "वेल काढजा बाबू, दिवाळीनंतर." माझे म्हणणे ऐकलेली ती गल्लीतली एकमेव व्यक्ती.

आता चालू उन्हाळा. म्हातारी गावात नाही. तिची चूल थंड आहे, राख नाही, मासोळी नाही. कुत्री मात्र सवयीने येतात. म्हणून शेतकऱ्याने, पाटलाचा हुकूम विसरून, कुंपणाला पुन्हा निळीची बाटली टांगली. मी सांगितले, काढ. तो म्हणाला, "आता काय होते? आता तं थे नाई इथं." नवतपा लागला. कुंपण पेटले. या वेळी त्याचा गोठाही थोडक्यात वाचला.

मी स्वतःला आवरू शकलो नाही. जळके कुंपण विझत असतानाच मी सर्वांसमोर विचारले, "आता बोला! म्हातारी शहापूरला. आग कोणी लावली?"

शेतकऱ्याने घाम पुसला आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "जाता जाता ठेवून गेली ना, भाऊ. तुमालेच तं किल्ली देऊन गेली."

बाटली मी त्याच्यासमोर सुतळीसकट काढून घेतली. ती तडकली होती पण पूर्ण फुटली नव्हती. तिच्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

मागच्या आठवड्यात मी शहापूरला गेलो. ढाब्याच्या मागे म्हातारी पोत्यावर बसून कांदे सोलत होती. ट्रकांच्या आवाजात तिला माझे बोलणे दोनदा ऐकावे लागले.

"पेटला का यंदा?" तिने विचारले.

"पेटले. तुम्ही नसताना पेटले."

तिचा कांदा हातातच राहिला. मग ती हसली, पूर्वीसारखी, दोन दात नसलेले मोठे हसणे. "मंग सुटली ना मी! मी तं इथं होतो. आता तं सुटली? कवा येऊ?"

मी आजवर हजारो लोकांना सांगितले असेल की अमुक तारखेला या, काम होईल. तिच्यासाठी मात्र माझ्याकडे तारीख नव्हती. कांद्याचा उग्र वास होता, डोळे पुसायला एवढे निमित्त पुरले. तिने दोन-तीनदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा सोलायला लागली.

तरी उपरोक्त सर्व हकिकत विचारात घेऊन विनंती की, ज्या कोणा अधिकारी व्यक्तीच्या वाचनात हे येईल तिने एकदा भर नवतप्यात आमच्या गल्लीत यावे, स्वतःच्या हाताने बाटली धरून तणस पेटवून दाखवावी, आणि कुंपण उन्हाने, वाळल्या वेलांनी आणि निळीच्या बाटलीने पेटले असे स्वतःच्या तोंडाने मोठ्याने सांगावे. माझ्या बोटावरच्या फोडावर गावाचा विश्वास नाही. सरकारी आवाजावर कदाचित बसेल. म्हातारी निर्दोष आहे असे लेखी कळवावे आणि ते हातपंपाजवळ सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. तिला तिच्या घरी राहण्याची, तिच्या चुलीची राख तिच्या वेलांना टाकण्याची आणि तिची मासोळी विकण्याची मोकळीक असावी. तळी भरून मासेमारी सुरू होण्याच्या आत उत्तर मिळाले तर ती परत येऊ शकेल. नंतर मिळाले तर ती येणार नाही असे मला वाटते. मी तिला ओळखतो. उत्तर मला न पाठवता थेट तिला पाठवावे, ही नम्र विनंती. वाचता येत नाही तिला. पण कागद कोणाकडून वाचून घ्यायचा हे तिला माहीत आहे, आणि मी शहापूरला जाण्यास केव्हाही तयार आहे.